चौथाई, सरदेशमुखी आणि उरलेला रुपया

तळेघराहून दिल्ली दूर. पण १७१९ साली बाळाजी विश्वनाथांनी तेथून आणलेल्या सनदांचा हिशेब पावकी-निमकी जाणणाऱ्या कोणालाही कळेल. दक्षिणेच्या सहा सुभ्यांच्या वसुलावर चौथाई म्हणजे पाव हिस्सा आणि सरदेशमुखी म्हणजे दशांश. या दोन हक्कांनी मोगलांचे सर्वस्व गेले, असे सहज वाटते. आपण ताडून पाहू. दशांश पावाहून लहान. म्हणून बेरीज दोन पावांहून, अर्थात अर्ध्याहून, कमीच. उलट दशांश बाराव्या भागाहून मोठा, आणि पाव व बारावा मिळून तिसरा हिस्सा होतो. म्हणून बेरीज त्याहून अधिक. तेव्हा सनदांप्रमाणे रुपयातला निम्म्याहून मोठा भाग बादशाहीकडेच राहत होता. प्रत्यक्ष वसूल किती झाला, हा प्रश्न निराळा. पण या हक्कांना लूट म्हणण्यापूर्वी आपण निदान एवढी बेरीज करावी.