पंचवीस घोड्यांमागे एक नालबंद

मराठी घोडदळाच्या वेगाचं श्रेय आपण काटक भीमथडी तट्टांना आणि मोजक्या सामानाला देतो. त्यात तथ्य आहे, पण या हिशेबात खूर राहून जातो. बेलापूरच्या आसपास प्रवरेकाठची काळी, मऊ जमीन. तिथे बिननालाचं घोडं खुशाल वर्षभर वापरावं. तेच घोडं राहुरीवरून विळद घाटाने नगरकडे काढलं, की मुरूम आणि खडक लागतो. खुराचं कवच महिन्याला साधारण 8 ते 10 मिलिमीटर वाढतं. झीज त्याहून जास्त झाली, की तळवा ठेचाळतो आणि घोडं लंगडायला लागतं. मग त्याच्या काटकपणाचा काही उपयोग नाही.

हे राज्यकर्त्यांनी पुरतं ओळखलं होतं. शिवकालीन पागेत पंचवीस घोड्यांमागे पाणी वाहणारा एक पखालजी आणि एक नालबंद नेमलेला असे, असं सभासदाची बखर सांगते. नाल साधारण 6 ते 8 आठवड्यांनी काढून, वाढलेला खूर तासून पुन्हा ठोकावा लागतो. म्हणजे नेहमीचं काम दोन दिवसांत एका घोड्याचं. तेवढ्यासाठी पाऊणशे घोड्यांना एक माणूस पुरला असता. माझ्या मते ही नेमणूक वाटेत निखळणाऱ्या नालासाठीच होती. खिळा कवचाच्या निर्जीव कडेतून तिरपा बाहेर काढून त्याचं टोक वळवायचं असतं. जरा आत गेला तर जिवंत भागाला लागतो. हे काम मुक्कामावर, थकलेल्या घोड्यावर, कोणीही करू शकत नाही. पदरचं घोडं आणणाऱ्या शिलेदारांना पुढे मोहिमेआधी ‘नालबंदी’ म्हणून आगाऊ रक्कम मिळे. 1727 च्या पावसाळ्याअखेर निघून खानदेश, गुजरात फिरून फेब्रुवारी 1728 मध्ये पालखेडला निजामाला कोंडणाऱ्या बाजीरावाच्या फौजेला नाल किती वेळा बदलावे लागले असतील, याचा अंदाज सहज येतो.

कोणी म्हणेल, मंगोलांनी नालाशिवाय अर्धं जग पालथं घातलं. पण त्यांच्या पायाखाली गवताळ मैदान होतं आणि एकेका स्वारामागे बदलीची कित्येक घोडी. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: दख्खनी जनावराचा खूर मुळातच कठीण, आणि खिळ्यांनी तो कमजोर होतो. हे विसाव्याच्या काळात खरं आहे, आणि तेव्हा नाल काढणंच शहाणपणाचं. मोहिमेत मात्र पाय रोज झिजतो. याचा पुरावा बेलापूरच्याच शिवारात आहे. 1920 च्या दशकात शेजारी हरिगावला साखर कारखाना आला आणि परिसर उसाचा झाला. मळ्यात औत ओढणाऱ्या बैलाला पत्री, म्हणजे बैलाचा नाल, लागत नाही. उसाच्या गाडीला जुंपून पक्क्या सडकेवर काढायचा, तर आधी त्याला पाडून, पाय बांधून पत्री मारतात. खूर दुभंगलेला, म्हणून एका पायाला दोन. आणि शिलेदाराच्या नालबंदीसारखीच इथेही गाडीवानाला हंगामापूर्वी उचल मिळते, बैलांची तयारी तिच्यातून होते.