कायद्याच्या पुस्तकातील शोमरोनी

संत लूकच्या शुभवर्तमानातील चांगल्या शोमरोन्याचा दाखला आपल्या घराघरांत लहान मुलांनाही पाठ असतो. यरुशलेमहून यरीहोला जाणारी वाट, लुटारूंनी अर्धमेला करून टाकलेला वाटसरू, त्याला पाहून बाजूने निघून जाणारे याजक व लेवी, आणि अखेर जखमांवर तेल व द्राक्षारस ओतणारा परका. हा शोमरोनी अमेरिकेच्या कायद्याच्या पुस्तकातही जाऊन बसला आहे, हे मात्र आपल्यापैकी थोड्यांनाच ठाऊक असेल. कॅलिफोर्निया राज्याने १९५९ साली एक कायदा केला. अपघातस्थळी निरपेक्ष बुद्धीने मदत करणाऱ्या डॉक्टरवर, उपचारात काही उणे राहिल्यास, खटला भरता येऊ नये असा त्याचा आशय होता. तेव्हापासून अशा कायद्यांना शोमरोन्याचेच नाव पडले. पुढे १९९६ साली संगणकावरील संभाषणाचा कायदा झाला, त्यातील २३० व्या कलमातही हेच नाव मथळ्यात आले. आज फेसबुक, यूट्यूब, एक्स यांवर कोणता मजकूर राहतो, कोणता काढला जातो आणि त्याचा जाब कोणी कोणाला विचारायचा, या साऱ्या वादाच्या मुळाशी हे एक कलम आहे. म्हणून त्याचा इतिहास थोडा सविस्तर पाहू.

योगायोग असा की या इतिहासाचा आरंभही १९५९ सालीच होतो. लॉस एंजलिस शहरात एलिअझर स्मिथ नावाचा एक पुस्तकविक्रेता होता. त्याच्या दुकानात एक अश्लील ठरविलेली कादंबरी सापडली. दुकानदाराने ते पुस्तक वाचले होते की नाही, हे विचारण्याची शहराच्या नियमाप्रमाणे गरजच नव्हती. पुस्तक दुकानात मिळाले की गुन्हा सिद्ध! सर्वोच्च न्यायालयाने ती शिक्षा रद्द केली. निकालपत्र न्यायमूर्ती विल्यम ब्रेनन यांनी लिहिले. (त्या वेळी न्यायासनावर असलेले ते एकमेव कॅथलिक न्यायमूर्ती होते.) त्यांचा युक्तिवाद साधा होता. न वाचलेल्या पुस्तकासाठी विक्रेत्याला तुरुंगाचे भय असेल, तर तो स्वतः वाचलेलीच पुस्तके दुकानात ठेवील. एका माणसाच्या वाचनाला मर्यादा असते आणि मग साऱ्या गावाच्या वाचनालाही तीच मर्यादा पडेल. यातून एक भेद रूढ झाला. वर्तमानपत्राचा संपादक मजकूर निवडतो, म्हणून तो जबाबदार. विक्रेता केवळ वाहक, म्हणून त्याला मजकुराची माहिती असल्यावाचून तो जबाबदार नाही.

तीस वर्षांनी संगणक आला आणि हा भेद अडचणीत सापडला. टेलिफोनच्या तारेने जोडलेल्या संगणकांवर लोक एकमेकांशी बोलू लागले. अशी सेवा देणाऱ्या कॉम्प्युसर्व्ह कंपनीवर १९९१ साली न्यूयॉर्कच्या केंद्रीय न्यायालयात बदनामीचा खटला चालला. कंपनीने तो मजकूर पाहिलाच नव्हता, ती पुस्तकविक्रेत्यासारखी, असे म्हणून न्यायालयाने तिला मोकळे केले.

प्रॉडिजी कंपनीचे नशीब वेगळे निघाले. आयबीएम आणि सिअर्स या मोठ्या उद्योगांनी चालविलेली ही सेवा स्वतःला कुटुंबवत्सल म्हणवून घेई. सुमारे वीस लाख सभासद, दररोज साठ हजारांच्या आसपास संदेश. अपशब्द गाळणारी यंत्रणा तिने बसविली होती, सभासदांसाठी नियम छापले होते, प्रत्येक फलकावर देखरेख करणारे प्रमुख नेमले होते. ऑक्टोबर १९९४ मध्ये तिच्या पैशांविषयीच्या फलकावर कोणा अनामिकाने लिहिले, की स्ट्रॅटन ओकमाँट ही शेअर विकणारी पेढी लबाड आहे. पेढीने वीस कोटी डॉलरची भरपाई मागितली. मे १९९५ मध्ये न्यूयॉर्क राज्याच्या न्यायालयाने ठरविले की प्रॉडिजी ही प्रकाशकच. कारण ती मजकुरावर नियंत्रण ठेवते. म्हणजे ज्याने अंगण झाडले त्याच्यावर कचऱ्याचा दंड आणि ज्याने केरसुणीला हातही लावला नाही तो निर्दोष!

या पेढीचे पुढे काय झाले, तेही सांगावयास हवे. त्या वर्षी प्रॉडिजीने तिची क्षमा मागितली आणि वाद मिटला. दुसऱ्याच वर्षी, १९९६ च्या अखेरीस, रोखेविक्रेत्यांच्या संघाने तिला हाकलून दिले. तिचा संस्थापक जॉर्डन बेलफोर्ट याने १९९९ साली फसवणुकीची कबुली दिली. त्याच्या जीवनावर २०१३ साली चित्रपट निघाला. तो कुटुंबासह पाहण्याजोगा नाही. त्या अनामिकाच्या म्हणण्याचा रोख खरा होता, परंतु तोवर त्याचा फायदा कोणालाच नव्हता.

प्रॉडिजीच्या निकालाची बातमी क्रिस कॉक्स या कॅलिफोर्नियाच्या रिपब्लिकन प्रतिनिधीने विमानप्रवासात वाचली. ऑरेगनचे डेमोक्रॅट रॉन वायडन यांच्यासह त्यांनी एक दुरुस्ती तयार केली. त्याच सुमारास सिनेटमध्ये नेब्रास्काचे जेम्स एक्सन यांनी संगणकावरील असभ्य मजकुरावर सरळ बंदी घालणारे विधेयक आणले होते. एक्सन यांनी नमुन्यादाखल अशा चित्रांची एक निळी फाइल सभागृहात आणून सभासदांना दाखविली आणि जून १९९५ मध्ये ८४ विरुद्ध १६ मतांनी त्यांचे म्हणणे मान्य झाले. कॉक्स-वायडन यांचा मार्ग निराळा होता. सरकारने दंडुका उगारण्याऐवजी घरमालकालाच घर स्वच्छ ठेवण्याची मुभा द्यावी आणि झाडले म्हणून त्याला शिक्षा होऊ नये. ४ ऑगस्ट १९९५ रोजी प्रतिनिधिगृहात ४२० विरुद्ध ४ अशी मते पडली. दोन्ही पक्ष हातात हात घालून उभे होते. हा आकडा वाचकांनी ध्यानात ठेवावा, पुढे त्याचे काम पडणार आहे.

दोन्ही सभागृहांचे समाधान व्हावे म्हणून दोन्ही गोष्टी एकाच कायद्यात कोंबल्या गेल्या आणि ८ फेब्रुवारी १९९६ रोजी राष्ट्राध्यक्ष क्लिंटन यांनी त्यावर सही केली. एक्सन यांचा भाग दीड वर्षही टिकला नाही. जून १९९७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो रद्द केला, कारण त्यातील शब्द इतके मोघम होते की प्रौढांचे कायदेशीर बोलणेही त्यात सापडत होते. उरले ते २३० वे कलम. त्याच्या मुख्य वाक्यात इंग्रजीतील अवघे २६ शब्द आहेत. संगणकसेवा पुरविणाऱ्याला वा वापरणाऱ्याला दुसऱ्याने दिलेल्या माहितीचा प्रकाशक किंवा वक्ता मानू नये, एवढाच त्यांचा अर्थ. पुढचे उपकलम म्हणते की सद्‌हेतूने आक्षेपार्ह मजकूर काढला, तर तेवढ्यावरून त्याच्यावर दावा चालणार नाही. शोमरोन्याचे नाव दिले गेले ते खरे पाहता या दुसऱ्या कृतीसाठी, म्हणजे वाकून जखम बांधणाऱ्यासाठी.

परंतु पहिल्याच मोठ्या खटल्यात काय घडले, ते पाहा. १९ एप्रिल १९९५ रोजी ओक्लाहोमा सिटी येथे सरकारी इमारत बॉम्बने उडविण्यात आली. १६८ माणसे मेली, त्यांत १९ बालके होती. सहा दिवसांनी अमेरिका ऑनलाइन या सेवेवर कोणीतरी जाहिरात लावली. त्या हत्याकांडाची थट्टा करणारे सदरे विकत मिळतील आणि त्यासाठी अमुक क्रमांकावर फोन करावा. तो क्रमांक सिअ‍ॅटलमधील एका निरपराध गृहस्थाचा होता. त्यांचा त्या जाहिरातीशी काडीचाही संबंध नव्हता. संतप्त लोकांचे फोन सुरू झाले, जिवे मारण्याच्या धमक्या आल्या. घरूनच व्यवसाय चालत असल्याने क्रमांक बदलणेही शक्य नव्हते. त्यांनी कंपनीला कळविले. जाहिरात निघाली आणि दुसरी लागली, पुन्हा तिसरी. महिनाअखेरीस दर दोन मिनिटांना एक फोन येत होता. एका रेडिओ केंद्राने तो मजकूर वाचून दाखविला आणि श्रोत्यांना फोन करण्यास चिथविले; घरावर पोलिसांचा पहारा बसला. लिहिणारा कधी सापडला नाही. त्या गृहस्थांनी कंपनीवर दावा केला, तेव्हा नोव्हेंबर १९९७ मध्ये अपील न्यायालयाने २३० व्या कलमावर बोट ठेवून त्यांना परत पाठविले. कंपनीला कळविले होते हे खरे, परंतु कळविल्यानेही ती प्रकाशक होत नाही, असा निर्णय झाला.

निकालामागील विचार टाकाऊ नव्हता, हे मान्य केले पाहिजे. तक्रार येताच जबाबदारी येत असेल, तर प्रत्येक तक्रारीसरशी कंपनी मजकूर काढून टाकील. ज्याला दुसऱ्याचे तोंड बंद करायचे आहे त्याने फक्त एक पत्र लिहावे. तरीही त्या सिअ‍ॅटलच्या गृहस्थांना न्याय मिळाला नाही, हेही तितकेच खरे. माझ्या मते या कायद्याच्या इतिहासाला वळण मिळाले ते येथे. शोमरोन्यासाठी शिवलेले चिलखत बाजूने निघून जाणाऱ्या लेव्यालाही तंतोतंत बसते, असे न्यायालयाने ठरवून दिले. (दाखल्यात लेव्याच्याही आधी निघून गेला तो याजक होता, हे मी विसरलेलो नाही.)

या छत्राखाली २००४ साली फेसबुक, २००५ साली यूट्यूब, २००६ साली ट्विटर जन्मास आले आणि दहा वर्षांत जगभर पसरले. काय ठेवावे आणि काय काढावे याचे निर्णय कंपन्यांची खासगी नियमपुस्तके करू लागली. अमेरिकेच्या घटनेची १७९१ सालची पहिली दुरुस्ती सरकारला भाषणस्वातंत्र्यावर घाला घालण्यास मनाई करते. खासगी मालकाला नव्हे. त्यामुळे कंपनीने मजकूर ठेवला तरी तिच्यावर दावा नाही आणि काढला तरी नाही. पैसे मात्र लोक किती वेळ खिळून राहतात यावर मिळतात, आणि रागावलेला माणूस अधिक वेळ खिळून राहतो, हे सांगण्यास शास्त्रज्ञ नको.

आता ते ४२० विरुद्ध ४ आठवावे. जानेवारी २०२० मध्ये डेमोक्रॅट पक्षाची उमेदवारी मागणारे बायडन म्हणाले की २३० वे कलम रद्द करावे, कारण कंपन्या खोटेपणा काढीत नाहीत. मे महिन्यात ट्विटरने राष्ट्राध्यक्ष ट्रम्प यांच्या टपाली मतदानाविषयीच्या संदेशांवर शहानिशेची सूचना चिकटविली. ट्रम्प यांनीही तेच कलम रद्द करण्याची मागणी केली, कारण कंपन्या त्यांच्या बाजूचे बोलणे दाबतात. मागणी एक, तक्रारी परस्परविरुद्ध! ऑक्टोबरमध्ये ट्विटरने न्यूयॉर्क पोस्टची बायडनपुत्राविषयीची बातमी अडविली आणि दोन दिवसांत माघार घेतली. त्याने संशयाला खतपाणीच मिळाले. डिसेंबरमध्ये ट्रम्प यांनी संरक्षणखर्चाचे विधेयक नाकारले, त्याचे एक कारण त्यात २३० वे कलम रद्द केले नव्हते हे होते. काँग्रेसने १ जानेवारी २०२१ रोजी त्यांचा नकार उलथविला. ६ जानेवारीला जमावाने संसदभवनावर हल्ला केला आणि ८ तारखेला ट्विटरने पदावर असलेल्या राष्ट्राध्यक्षांचे खाते कायमचे बंद केले. जर्मनीच्या अँगेला मर्केल ट्रम्प यांच्या चाहत्या खचितच नव्हत्या. परंतु असा निर्णय कंपनीच्या चालकांनी घ्यावा हे त्यांनाही खटकले. ऑक्टोबर २०२२ मध्ये ईलॉन मस्क यांनी ती कंपनी ४४ अब्ज डॉलरना घेतली आणि महिनाभरात ते खाते पुन्हा उघडले. मालक बदलला की सत्यासत्याचा निवाडा बदलतो, एवढे मात्र दोन्ही पक्षांना कळून चुकले.

फ्लॉरिडा व टेक्सास या राज्यांनी २०२१ साली कायदे करून कंपन्यांच्या मजकूर काढण्यावर निर्बंध घातले. जुलै २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दोन्ही प्रकरणे खालच्या न्यायालयांकडे फेरविचारासाठी पाठविली. मात्र बहुमताने असे लिहिले की कंपनीची निवड ही संपादकाच्या निवडीसारखीच अभिव्यक्ती आहे. पासष्ट वर्षांपूर्वी पुस्तकविक्रेता आणि संपादक यांत जी भिंत उभी केली होती, तिच्या दोन्ही बाजूंना आता ही एकच कंपनी उभी आहे. मजकुराबद्दल जाब विचारला तर ती विक्रेता, मजकूर काढण्यावर बंधन आणले तर ती संपादक. कॉक्स आणि वायडन यांनी २०२३ साली न्यायालयापुढे संयुक्त निवेदन देऊन आपल्या कलमाचे समर्थन केले. दोन पक्षांची माणसे एका कागदावर सही करतात, हे अलीकडे दुर्मीळच.

या अमेरिकन कथेचा एक धागा आपल्या दारापर्यंत येतो. आपल्याकडे २००४ साली बाझी डॉट कॉम या विक्रीस्थळाच्या प्रमुखाला, दुसऱ्याच कोणी विक्रीस ठेवलेल्या अश्लील चित्रफितीबद्दल अटक झाली होती. लॉस एंजलिसच्या पुस्तकविक्रेत्याचीच गोष्ट. पुढे माहिती तंत्रज्ञान कायद्याचे ७९ वे कलम दुरुस्त होऊन अशा वाहकांना संरक्षण मिळाले. त्याच दुरुस्तीत ६६-अ हे कलमही आले. नोव्हेंबर २०१२ मध्ये बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतर मुंबई बंद राहिली, त्यावर पालघरच्या एका तरुणीने फेसबुकवर चार ओळी लिहिल्या, मैत्रिणीने त्या पसंत केल्या. दोघींना अटक झाली आणि लिहिणारीच्या काकांच्या दवाखान्याची मोडतोड झाली. त्या अटकेनंतर एका विद्यार्थिनीने सर्वोच्च न्यायालयात याचिका केली आणि २४ मार्च २०१५ रोजी न्यायमूर्ती चेलमेश्वर व नरिमन यांनी ६६-अ रद्द केले. नरिमन यांच्या निकालपत्रात अमेरिकेतील १९९७ च्या त्या निकालाचा आधार घेतलेला आढळतो. मजकूर केव्हा काढावयाचा, हेही त्यांनी ठरविले. कोणाच्याही तक्रारीवरून नव्हे, तर न्यायालयाचा आदेश किंवा सरकारची सूचना आल्यावर. रद्द झालेल्या कलमाखाली पोलीस मात्र कित्येक वर्षे गुन्हे नोंदवीत राहिले. ऑक्टोबर २०२२ मध्ये न्यायालयाला ते थांबविण्याचा पुन्हा आदेश द्यावा लागला.

एप्रिल २०२३ मध्ये केंद्र सरकारने नियम केला की सरकारी कामकाजाविषयीचा कोणता मजकूर खोटा वा दिशाभूल करणारा, हे सरकारचाच एक विभाग ठरवील. मुंबई उच्च न्यायालयात जानेवारी २०२४ मध्ये दोन न्यायमूर्तींची मते भिन्न पडली. प्रकरण तिसरे न्यायमूर्ती चांदूरकर यांच्यापुढे गेले. सप्टेंबर २०२४ मध्ये तो नियम रद्द झाला. दिलेल्या कारणांतील एक १९९७ चे आणि २०१५ चेच होते: शब्द फार मोघम होते.