टांझानियाचे मास्तर

धर्मावर मनापासून श्रद्धा असलेला माणूस अनेक धर्मांच्या आधुनिक राष्ट्राचे नेतृत्व करू शकतो का? आपल्या देशात हा प्रश्न बहुधा मुसलमानाला विचारला जातो. मी तो इथे एका ख्रिस्ती नेत्याच्या बाबतीत तपासून पाहतो. दुसऱ्याच्या घरातले उदाहरण माणूस जरा थंड डोक्याने पाहतो.

ज्युलियस न्येरेरे यांचा जन्म १९२२ साली पूर्व आफ्रिकेतील टांगानिकात, बुटियामा गावी झाला. १९४३ मध्ये बाप्तिस्मा घेऊन ते कॅथलिक झाले आणि अखेरपर्यंत श्रद्धावान राहिले. एडिंबरोहून १९५२ मध्ये एम.ए. होऊन ते परतले आणि दार-एस-सलामजवळच्या पुगू येथील मिशन शाळेत शिकवू लागले. १९५४ मध्ये 'तानू' हा पक्ष स्थापन झाला. नोकरी की राजकारण, असा पेच पडला तेव्हा १९५५ मध्ये त्यांनी नोकरी सोडली. 'म्वालिमू' म्हणजे शिक्षक, हे बिरूद मात्र जन्मभर त्यांच्या नावाला चिकटले. हा शब्द मुळात अरबी 'मुअल्लिम'च आहे.

दार-एस-सलाममध्ये या ख्रिस्ती शिक्षकाच्या पाठीशी प्रथम उभे राहिले ते बव्हंशी मुसलमान. अब्दुलवाहिद साईक्स त्यांत होते. बीबी तिती मोहम्मद यांनी तर हजारो स्त्रियांना पक्षात आणले. ९ डिसेंबर १९६१ रोजी देश स्वतंत्र झाला. १९६४ मध्ये मुस्लिमबहुल झांझिबारशी एकीकरण होऊन टांझानिया अस्तित्वात आला.

वसाहतकाळात चांगल्या शाळा बहुतेक मिशनऱ्यांच्या होत्या. मुलगा धर्म बदलेल या धास्तीने अनेक मुस्लिम पालक त्याला तिथे पाठवत नसत. परिणामी समाज शिक्षणात मागे पडला. न्येरेरे यांच्या सरकारने १९६९ च्या कायद्यानंतर मिशनच्या शाळा ताब्यात घेऊन सर्वांना खुल्या केल्या. स्वतःच्या चर्चच्या शाळाही त्यातून सुटल्या नाहीत. उर्दू शाळेत शिकवणाऱ्या मला या निर्णयाचे मोल वेगळे सांगावे लागत नाही. १९६७ च्या अरुशा जाहीरनाम्याने तर नेत्यांना शेअर बाळगण्यास आणि घरे भाड्याने देण्यास मनाई केली.

पण ही एकच बाजू सांगितली तर ती शिकवणी नव्हे, स्तुती होईल. १९६२ मध्येच खटल्याविना स्थानबद्ध करण्याचा कायदा झाला. १९६५ पासून देशात एकच पक्ष उरला. १९७० नंतरच्या दशकात 'उजामा'च्या नावाखाली लाखो शेतकऱ्यांना नव्या वस्त्यांत हलवले गेले, अनेकांना बळजबरीने. ज्या बीबी तितींनी पक्ष उभा केला, त्यांनाच १९७१ मध्ये राजद्रोहाबद्दल जन्मठेप झाली. १९७२ मध्ये त्यांची सुटका झाली. १९६८ मध्ये मुस्लिमांच्या एका मोठ्या शिक्षण-कल्याण संस्थेवरही बंदी आली होती. तेथील अनेक मुसलमानांच्या मनात तो सल राहिला.

१९८५ मध्ये न्येरेरे स्वेच्छेने अध्यक्षपदावरून उतरले. त्यांच्या जागी अली हसन म्विन्यी हे मुसलमान अध्यक्ष आले, आणि त्यासाठी रस्त्यावर रक्त सांडले नाही. १९९९ मध्ये न्येरेरे वारले. २००५ मध्ये त्यांना संतपद देण्याची प्रक्रिया सुरू झाली. त्याचा निकाल चर्चने लावावा.

मला दोन गोष्टी दिसतात. इमानाने त्यांचे हात स्वच्छ ठेवले आणि परधर्मीयाच्या मुलासाठी शाळेचे दार उघडले. पण त्याच इमानाने त्यांना तुरुंगाच्या किल्ल्या वापरण्यापासून रोखले नाही. तिथे कायदा आणि विरोधी पक्षच हवा होता. म्हणून नेत्याला 'तू किती धार्मिक?' असे विचारू नये. 'जो तुझ्या धर्माचा नाही, त्याची अमानत तू कशी सांभाळलीस, आणि तुला जाब कोण विचारू शकतो?' असे विचारावे. हा प्रश्न ख्रिस्ती, हिंदू, मुसलमान सर्वांना सारखाच लागू आहे. आपल्यालाही.