हाडांच्या औषधाची कुळकथा

औषधांची कुळे धुंडाळू लागले म्हणजे ती बहुधा एखाद्या वनस्पतीच्या मुळाशी अथवा बुरशीपाशी जाऊन ठेपतात. परंतु झिजत्या, दुखऱ्या हाडांवर आज जगभर दिल्या जाणाऱ्या बिसफॉस्फोनेट या वर्गाचे मूळ पाहू जाता आपण पोहोचतो ते कारखान्यांत. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात जर्मनीत ही संयुगे प्रथम सिद्ध झाली, आणि कॅल्शियमला घट्ट धरून ठेवण्याच्या त्यांच्या गुणामुळे नळांत क्षारांचे थर साचू नयेत म्हणून कारखानदारांनी त्यांना पुढे कामास लावले. मनुष्याच्या हाडाशी त्यांचा काही संबंध असेल, ही शंका दीर्घकाळ कोणाच्या मनास शिवली नाही.

ज्या रोगावर त्यांचा प्रथम मोठा उपयोग झाला, त्याचे वर्णन मात्र 1876 सालीच लंडनच्या सर जेम्स पॅजेट यांनी वैद्यकसभेपुढे वाचले होते. त्यांनी वीस वर्षे नजरेखाली ठेवलेल्या एका सद्गृहस्थाची हाडे जाड होत, वाकत आणि ठणकत गेली होती. मस्तकाचा घेर तर इतका वाढत गेला की त्याला वरचेवर मोठ्या मापाच्या टोप्या घ्याव्या लागल्या. रोगाचे निदान इतके सूक्ष्म, आणि इलाज मात्र जवळजवळ शून्य, अशी ही स्थिती पुढे जवळपास शतकभर टिकली.

ती बदलली स्वित्झर्लंडमध्ये. रक्तात व मूत्रात पायरोफॉस्फेट नावाचे एक द्रव्य असते आणि ते कॅल्शियमचे खडे जमू देत नाही, असे हर्बर्ट फ्लाइश यांच्या ध्यानी आले होते. पण औषध म्हणून ते पोटात दिले तर पाचकरस त्याचा तत्काळ निकाल लावीत. तेव्हा ज्याच्या दोन फॉस्फरस-अणूंमध्ये ऑक्सिजनऐवजी कार्बन बसवला आहे, असा न तुटणारा भाऊबंद शोधण्याची तजवीज झाली, आणि साबण व दंतमंजन बनविणाऱ्या एका अमेरिकन कंपनीच्या रसायनशास्त्रज्ञांकडून तो, म्हणजेच बिसफॉस्फोनेट, हाती आला. अपेक्षा एवढीच होती की नको तेथे कॅल्शियम साचू नये; प्रत्यक्षात हाड विरघळणेही थांबते असे दिसून आले, आणि हा अनपेक्षित लाभच मूळ हेतूहून मोठा ठरला. 1971 साली ऑक्सफर्डच्या वैद्यांनी पॅजेटच्या रोगावरील अनुभव प्रसिद्ध केला. 1977 साली अमेरिकेत याच वर्गातील एटिड्रोनेटला परवाना मिळाला. मोठ्या मात्रेत ते नव्या हाडासही टणक होऊ देईना, हा त्याचा दोष. तो टाळणारी अधिक प्रभावी औषधे मागाहून आली, आणि 1995 साली त्यांपैकी अ‍ॅलेंड्रोनेटमुळे उतारवयातील ठिसूळ हाडांकडे हा सारा उद्योग वळला. पोटात घेतल्यापैकी शंभरातला एक भागही अंगी लागत नाही, म्हणून उपाशीपोटी, पेलाभर साध्या पाण्याबरोबर गोळी घेऊन अर्धा तास ताठ बसण्याचा तो सुप्रसिद्ध नियम. आडवे झाल्यास अन्ननलिकेस इजा होते, हे दुसरे कारण.

पण फॉस्फरसाचा पूर्वेतिहास असा सहजी पुसला जाणारा नव्हता. आगकाड्यांच्या कारखान्यांत पांढऱ्या फॉस्फरसाच्या वाफेने कामगारांचे जबडे सडत, दात गळत, हाडाचे तुकडे बाहेर पडत. लंडनच्या ज्या कारखान्यातील मुलींच्या हालांवर अ‍ॅनी बेझंट यांनी 1888 साली लेखणी चालविली, तेथेही हा रोग होता. 1906 साली बर्न येथे त्याविरुद्ध आंतरराष्ट्रीय करार झाला, आणि 1913 साली हिंदुस्थान सरकारनेही अशा काड्यांना मनाई करणारा कायदा केला. ज्या बर्न शहरात हा करार झाला तेथेच फ्लाइश यांची प्रयोगशाळा पुढे नावारूपास आली, हा योगायोग मला विलक्षण वाटतो. कारण 2003 साली मायामीच्या रॉबर्ट मार्क्स यांनी बिसफॉस्फोनेट घेणाऱ्या, बहुतांशी कर्करोगाच्या रुग्णांमध्ये, जबड्याचे हाड उघडे पडून मृत झाल्याचे जाहीर केले, तेव्हा जुन्या काडीपेटी-कामगारांची दप्तरे पुन्हा उघडली गेली. दोन्ही विकारांचे कारण एकच, असे म्हणण्याइतका पुरावा नाही. साम्य मात्र नजरेआड करता येत नाही.

हाडांच्या ठिसूळपणासाठी लहान मात्रा घेणाऱ्यास हा धोका विरळाच असतो, आणि खुबा मोडण्याचा धोका त्याहून पुष्कळ मोठा. म्हणून औषधाची धास्ती घेऊ नये; पण ते सुरू करण्यापूर्वी दात एकदा तपासून घ्यावेत, आणि पुढे दात काढण्याचा प्रसंग आलाच, तर आपण ही गोळी घेतो हे दंतवैद्यास आधी सांगावे.