मधाविना मधाची कॉफी

माझं माहेर तासगावचं, सासर चिकमगळूरच्या डोंगरातलं. तिकडे द्राक्षं नि बेदाणा, इकडे कॉफी नि मिरी. बाबा बुडन यांनी सतराव्या शतकात येमेनच्या मोखाहून सात बिया लपवून इथे आणल्या, अशी आख्यायिका आहे. डोंगराला नावही त्यांचंच. लहान शेतकऱ्याच्या कॉफीला मात्र पुष्कळ काळ स्वतःचं नाव नव्हतं.

महायुद्धात परदेशी बाजार तुटला, तेव्हा १९४२च्या कायद्याने माल कॉफी बोर्डाच्या सामाईक साठ्यात घालणं सक्तीचं झालं. पैसे हप्त्याहप्त्याने येत. मामंजी म्हणायचे, "विकायची काळजी नव्हती. पण आपली कॉफी कोण पितं, ते कधी कळलं नाही." १९९६पर्यंत ते बंधन पुरतं उठलं आणि २००१च्या सुमारास जगभर भाव कोसळले. चार एकरांत राबून तोडणीची मजुरी निघेना. सोसायटीचं कर्ज थकलं.

इथल्या जुन्या रीती दोन. फळ सालीसकट वाळवायचं, नाहीतर साल काढून, आंबवून, भरपूर पाण्याने धुवायचं. 'हनी' ही यांच्या मधली रीत. साल काढायची, पण बीवरचा चिकट गर तसाच ठेवून वाळवायचं. कोस्टा रिकात त्या गराला 'मिएल', म्हणजे मध, म्हणतात. खरा मध त्यात थेंबभरही नसतो.

ही रीत आमच्या कानावर आली तेव्हा मामंजी नाहीच म्हणाले. चिकट माल, बुरशी धरली की गेला. त्यांचं खोटं नव्हतं. तोडणीच्या दिवसांत इथे अवेळी पाऊस येतो. पण बेदाण्याच्या शेडमध्ये जाळीवर पातळ थर नि खालून-वरून वारा, हे मी लहानपणापासून पाहिलेलं. सासूबाई म्हणाल्या, "तिला पाच पोती फळं द्या. गेली, तर माझ्या मिरीतून भरून देते."

नुसती लालभडक फळं तोडली. जाळीचे मांडव बांधले. पहिले दिवस तासातासाला हात फिरवायचा, रात्री दवापासून झाकायचं. हात चिकटून जायचे, मुंग्या लागायच्या. सोळा दिवसांनी बी खडखडीत वाजू लागली. बंगळूरच्या एका भाजणाऱ्याने सगळी घेतली आणि पाकिटावर आमच्या मळ्याचं नाव छापलं.

आजही सगळी कॉफी आम्ही अशी करत नाही. मजुरी जास्त, धास्ती जास्त. पण भाव पडतो त्या वर्षी सोसायटीचा हप्ता याच पोत्यांतून जातो.