शिरीष कणेकर : एका वाक्याची फटकेबाजी

शिरीष कणेकर (६ जून १९४३ – २५ जुलै २०२३) हे मुंबईचे पत्रकार, स्तंभलेखक आणि एकपात्री कलाकार. क्रिकेट, हिंदी सिनेमा आणि मध्यमवर्गीय माणसाचे रोजचे जगणे हे त्यांचे तीन हक्काचे विषय. विषय कोणताही असो, त्यांची खूण एकच : छोटे, बोलीतले आणि शेवटच्या शब्दावर उलटणारे वाक्य.

थोडक्यात परिचय

कणेकर हे डॉक्टरांचे चिरंजीव. त्यांच्या एका पुस्तकाचे नावच ‘डॉ. कणेकरांचा मुलगा’ असे आहे. ‘इंडियन एक्स्प्रेस’, ‘फ्री प्रेस जर्नल’ अशा इंग्रजी वृत्तपत्रांत त्यांनी पत्रकारिता केली; लोकप्रियता मिळाली ती मात्र मराठी वृत्तपत्रांतल्या स्तंभांमुळे. हिंदी चित्रपटसंगीतावरचे ‘गाये चला जा’, चित्रपटसृष्टीतल्या माणसांवरचे ‘यादों की बारात’ आणि खेळावरचे ‘क्रिकेट-वेध’ ही त्यांची गाजलेली पुस्तके. पुढे ‘माझी फिल्लमबाजी’, ‘फटकेबाजी’ आणि ‘कणेकरी’ हे एकपात्री कार्यक्रम घेऊन ते रंगमंचावर आले. ‘स्टँड-अप’ हा शब्द मराठीत रुळण्याच्या कितीतरी आधी एक माणूस, एक माईक आणि हसणारे सभागृह हे चित्र त्यांनी उभे केले.

शीर्षकांतली गंमत

कणेकरांचे वाक्य कसे चालते हे पाहायचे तर पुस्तकांची नावे पुरेशी आहेत. शीर्षासनात स्वतःचे नाव घुसवले की ‘शिरीषासन’ होते. ‘सुरपारंब्या’ हे नाव सूरपारंब्यांच्या खेळाची आठवण देते आणि त्यातच गाण्याचा सूरही ऐकू येतो. ‘डॉलरच्या देशा’ हे अमेरिकेवरच्या पुस्तकाचे नाव वाचताना गोविंदाग्रजांचे महाराष्ट्रगीत कानात वाजतेच. ‘चापटपोळी’ ही आईच्या हातची, पण ताटात न वाढली जाणारी. ‘फिल्लमबाजी’त ‘फिल्म’ हा शब्द चाळीच्या जिन्यावर उच्चारतात तसा आला आहे, तर ‘फटकेबाजी’त बॅट आणि जीभ दोन्ही एकदमच चालतात.

ओळखीचा शब्द घ्यायचा, किंचित वाकवायचा आणि पुढे निघून जायचे, ही ती रीत. विनोद समजावून सांगत थांबायचे नाही.

क्रिकेटच का?

क्रिकेटमध्ये वेळ भरपूर असतो. दोन चेंडूंच्या मध्ये शेरा मारायला जागा असते आणि प्रेक्षकातला प्रत्येकजण तज्ज्ञ असतो. हे आपल्या गावांना सांगायला नको. १९४६-४७च्या रणजी करंडकाच्या अंतिम सामन्यात बडोदा आणि होळकर हे संघ समोरासमोर होते. विजय हजारे (२८८) आणि गुल महंमद (३१९) यांनी बडोद्यासाठी चौथ्या गड्याकरिता ५७७ धावांची भागी केली. प्रथम श्रेणीतला हा विक्रम २००६पर्यंत टिकला. बडोदेकर आणि इंदूरकर व्याही एकत्र जेवायला बसले की हा आकडा आजही वाढला जातो, कधी कधी श्रीखंडाच्याही आधी.

अशा शेऱ्याची घडण दाखवायला कणेकरांचे नव्हे, आमचेच एक वाक्य देतो : ‘काका दुसऱ्या धावेला निघाले तेव्हा डॉक्टरांची परवानगी होती, यष्टिरक्षकाची नव्हती.’ आधी सहानुभूती, मग यष्ट्या. शेवटचे दोन शब्द मागेपुढे केले की वाक्य बाद.

बडोद्याचा धागा

‘लगाव बत्ती’ या पुस्तकासाठी कणेकरांना महाराष्ट्र साहित्य परिषदेचा चिं. वि. जोशी पुरस्कार मिळाला. चिमणराव आणि गुंड्याभाऊ यांचे जनक चिं. वि. जोशी (१८९२–१९६३) हे पालीचे अध्यापक म्हणून दीर्घकाळ बडोद्यात राहिले. मराठी विनोदातले हे अमर मावसभाऊ घडवणारा लेखक महाराष्ट्राबाहेर नांदत होता, याचा आपल्याला अभिमान वाटायला हरकत नाही. दोघांची जात मात्र वेगळी. चिं. वि. जोशी प्रसंग रचतात आणि पात्रांना त्यात अडकवतात; कणेकर प्रसंगाची वाट पाहत नाहीत, वाक्यातच काम उरकतात.

आपल्यासाठी

आपल्या घरांत मराठी बोलली जाते, पण पुढची पिढी ती वाचतेच असे नाही. आमचा अनुभव असा की, भाषा सुटू लागते तेव्हा व्याकरण आधी जात नाही, विनोद आधी जातो. नातवाला ‘पाणी दे’ समजते. ‘आपल्या संघाने त्यांना पाणी पाजले’ म्हटले की तो विचारतो, ‘म्हणजे ड्रिंक्स ब्रेक झाला का?’ आपण हसतो, आणि मग थोडे गप्प होतो.

म्हणून कणेकर मोठ्याने वाचावेत, असे आम्हाला वाटते. वाक्ये लहान आहेत आणि भाषा बोलण्यातली आहे. सगळेच आज ताजे वाटेल असे नाही. जुन्या नटांचे, जुन्या खेळाडूंचे संदर्भ मुलांना सांगावे लागतील. सांगावेत, त्या निमित्ताने आजोबांना बोलायला मिळेल. सुरुवात क्रिकेटप्रेमींनी ‘क्रिकेट-वेध’पासून आणि गाण्यांच्या शौकिनांनी ‘गाये चला जा’पासून करावी. एखाद्या वाक्याला घरातले सर्वात लहान माणूस समजावून न सांगता हसले, तर त्या घरातली मराठी अजून नाबाद आहे असे समजावे.