सोन्याच्या मुलाम्याचा जंभल

वाईजवळ लोहारे येथे बौद्ध लेणी आहेत. तेथे आज पाळपेश्वर महादेवाची पूजा चालते. बौद्धांची धनदेवता मात्र अजिंठ्याच्या लेणे क्र. २ मध्ये भेटते. तेथे यक्ष पांचिक हारीतीसह बसलेला आहे. त्याच कुळातला जंभल म्हणजे बौद्ध कुबेर : सुटलेले पोट, उजव्या हाती महाळुंग, डाव्या हाती रत्ने ओकणारे मुंगूस.

त्याच्या सोनेरी मूर्ती नेपाळमधील पाटण येथे घडतात. कारागीर आधी मेणाची मूर्ती करून तिच्यावर मातीचा लेप देतात. मेण वितळवून त्या पोकळीत तांबे ओततात. मग सोने-पाऱ्याचे मिश्रण मूर्तीवर चोळून आच दिली जाते. पारा उडतो, सोने चिकटून राहते. ही वाफ विषारी असून कारागिराच्या फुप्फुसांना व मज्जासंस्थेला इजा करते. विकत घेताना हे सहसा कोणी विचारीत नाही. घरी आणलेली मूर्ती पितळी देवांसारखी चिंचेने घासू नये. मुलामा पातळ असतो.